धाकटी शिकायला गेली, आणि थोरली?

तुझा व्हॉइस मेसेज काल रात्री ऐकला. आधी आईच्या गुडघ्यांबद्दल बोललीस, मग बाबा संध्याकाळी ओटीवर गप्प बसून राहतात ते सांगितलंस, मग धाकटीच्या मेसमधल्या भाजीचं. अगदी शेवटी घाईघाईने म्हणालीस, "माझं काय ताई, मी बरी आहे. जरा कसंतरी होतं एवढंच." त्या कसंतरी होण्याबद्दलच बोलायचं म्हणून लिहायला बसले. लोक तुझ्या आईला विचारतात, करमतं का हो आता? बाबांना विचारतात, पुण्याचा खर्च किती येतो? तुला कुणी काही विचारलेलं नाही. मी विचारतेय, आणि मला घाई नाही.

गेलं वर्षभर मी लांबून बघत होते गं. सीईटीचा फॉर्म तू भरलास. नॉन-क्रिमिलेअरसाठी तहसील कचेरीचे हेलपाटे तू घातलेस. ई-स्क्रुटिनीत एक दाखला परत आला तेव्हा रात्री तो पुन्हा स्कॅन करून चढवणारी तूच. मागच्या वर्षीचे कटऑफ वहीत उतरवून, कॉलेजांचे कोड समोर घेऊन तुम्ही दोघी ऑप्शन फॉर्म लावत बसला होतात. पहिल्या राउंडला नंबर लागला, तेव्हा आहे ती जागा घ्यायची की बेटरमेंटला थांबायचं यावर घरात केवढी चर्चा झाली, आणि शेवटी तुझा शब्द मानला गेला. त्यानंतर बादली-मग, कुलूप, गादी, मेतकूट, कुळथाचं पीठ. तिला सोडून सगळे परत आलात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुला करायला काही उरलं नाही.

मला वाटतं, तुझ्या दुःखाचा मोठा भाग इथे आहे. तिची आठवण येते हे खरंच, पण आठवण तर आईलाही येते. तुझं वेगळं आहे. तुम्ही दोघी काही गळ्यात गळे घालून बसणाऱ्या बहिणी नव्हेत. तुझं प्रेम कामातून जायचं. तिची वेणी, तिचा डबा, तिच्या भौतिकशास्त्राच्या जर्नलमधल्या आकृत्या, तिच्या क्लासची फी भरायची तारीख. काम गेलं आणि प्रेमाला जायची वाटच बंद झाल्यासारखं झालं. म्हणून तू दिवसभर काहीतरी आवरत असतेस. परवा तिच्या कपाटातले कपडे काढून पुन्हा घड्या घातल्यास, असं मावशी सांगत होती. घाल बाई, खुशाल घाल. त्यात वेडेपणा काही नाही.

एक गोष्ट सांगते. ज्युडी डन नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कॅरोल केंड्रिक यांच्याबरोबर इंग्लंडात केंब्रिजमध्ये ४० कुटुंबांचा अभ्यास केला होता. १९८२ साली त्यावर त्यांचं पुस्तक निघालं. घरात दुसरं बाळ आलं की पहिल्याचं काय होतं, हे त्यांनी घरोघरी जाऊन पाहिलं. पहिलं मूल चिडतं, आईला चिकटतं, मुद्दाम खोड्या काढतं, आणि त्याच वेळी बाळाची काळजीही घेतं. दोन्ही एकाच मुलात. आपल्याकडेही बाळ आलं की घर थोरल्याकडे लक्ष ठेवून असतं. "हिला वाईट वाटत असेल हो" म्हणून आत्या-मावश्या तिला मांडीवर घेतात, तिच्यासाठीही खाऊ आणतात. तू तीन-चार वर्षांची होतीस तेव्हा मी स्वतः तुला कडेवर घेऊन वाशिष्ठीच्या पुलापर्यंत फिरवून आणलंय, कारण घरात सगळे पाळण्याभोवती होते. तीच धाकटी आता घरातून गेली, तर थोरलीला काय वाटत असेल हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ती मोठी झालेली असते ना.

डनबाईंच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ज्या आया थोरल्या मुलाशी बाळाबद्दल माणूस म्हणून बोलायच्या, म्हणजे त्याला आता काय हवं असेल, ते का रडत असेल, असं बोलायच्या, त्या घरांत पुढे भावंडांचं जास्त पटलं. तू हे आता आईबरोबर करून बघ. तुमच्या बोलण्यात धाकटी सध्या फक्त काम म्हणून येते: पैसे पाठवले का, चादर मिळाली का, दाखला लागणार आहे का. एखाद्या संध्याकाळी आईला म्हण, "तिला तिथे कोण आवडत असेल गं? ती वर्गात पुढे बसत असेल की मागे?" आई बोलेल. कदाचित रडेलही. पण दोघी मिळून तिच्याबद्दल बोललात की तुला एकटीने तिची आठवण वाहावी लागणार नाही.

आता हेव्याचं बोलू. तू त्याचा उच्चार केला नाहीस, पण बोलता बोलता म्हणालीस, "तिला सगळं किती सहज मिळालं." ते वाक्य मी दोनदा ऐकलं.

तुझी बारावी २०२१ ची. परीक्षाच झाली नाही, बोर्डाने अंतर्गत गुणांवर निकाल लावला. आणि त्याच जुलैत, २२ तारखेला, आपल्या चिपळुणात पाणी शिरलं. बाजारपेठेतलं बाबांचं दुकान वरच्या फळीपर्यंत बुडालं. माल गेला, वह्या गेल्या, फ्रीज उलटा होऊन तरंगत होता. पुढचे कितीतरी दिवस तुम्ही सगळे चिखल उपसत होता. त्या घरात तू "मला पुण्याला पाठवा" हे तोंडातून काढलंच नाहीस. इथल्याच कॉलेजात बी.एस्सी. घेतलीस, सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकान. मुलींना इंजिनीअरिंगच्या फीमध्ये तेव्हाही सवलत होती, पण निम्मी, आणि उरलेली निम्मीसुद्धा त्या वर्षी कुठून येणार होती? मग २०२४ उजाडलं. तुझी बी.एस्सी. संपली त्याच उन्हाळ्यानंतर, जुलैत सरकारचा निर्णय निघाला. इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. तो निर्णय पेपरात वाचून तूच घरी मोठ्याने सांगितलास, आणि धाकटीचा मार्ग त्याच दिवशी मोकळा झाला. तुझ्या वेळी पूर होता, तिच्या वेळी माफी आली. याचा हेवा वाटणार नाही तर काय वाटेल?

हा हेवा तिचं वाईट चिंतत नाही. तुला ती तिथे नको आहे असं थोडंच आहे. तुला तीही तिथे हवी आहे आणि तूही हवी होतीस. मला हे ओळखता येतं, कारण माझा धाकटा सांगलीला इंजिनीअरिंगला गेला तेव्हा माझ्याही पोटात हेच होतं. तेव्हा मोबाईल नव्हते. तो आठवड्यातून एकदा एसटीडी बूथवरून रात्री उशिरा फोन करायचा, दर कमी झाल्यावर, आणि आई तो ठेवेपर्यंत माझी पाळी यायचीच नाही. मग त्याचं आंतर्देशीय पत्र यायचं. वर्कशॉपमध्ये लोखंड कसं कापलं, रात्री मित्रांबरोबर आयर्विन पुलावर जाऊन कसे बसलो, असं सगळं. ते मी आईबाबांना वाचून दाखवायची, आणि मग एकटीच पुन्हा वाचायची. त्या दुसऱ्या वाचनात मी मलाच त्या पुलावर बसलेली बघायची. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुला सांगतेय, म्हणजे तुला कळेल की हे होतं, बऱ्याच जणींना होतं, आणि त्याने बहिणीचं नातं उणं होत नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या देवरुखच्या जोशांच्या दोन बहिणी होत्या. थोरली गोदूबाई आणि धाकटी कृष्णा. दोघी लहानपणीच लग्न होऊन गेल्या, दोघींच्या नशिबी वैधव्य आलं. थोरली मुंबईला पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेली, तिथली पहिलीच विधवा विद्यार्थिनी. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, आणि गोदूबाईची आनंदीबाई कर्वे झाली. त्या लग्नापायी किती बोलणी खाल्ली त्यांनी! धाकटी त्यांच्या आधाराने पुण्याला आली, शिकली, हिंगण्याच्या आश्रमात शिकवू लागली, आणि आश्रमाच्या कामासाठी पार अमेरिकेपर्यंत जाऊन आली. त्या पार्वतीबाई आठवले. दोघींची आत्मचरित्रं आहेत, 'माझे पुराण' थोरलीचं आणि 'माझी कहाणी' धाकटीचं. वेळ मिळेल तेव्हा दोन्ही लागोपाठ वाच. मला त्यातली थोरली फार जवळची वाटते. तिने वाट पाडली, धाकटी त्या वाटेने तिच्याही पुढे गेली. आणि थोरलीचंही स्वतःचं जगणं होतंच की, लिहून ठेवण्याइतकं. धाकटीच्या गोष्टीतलं एक प्रकरण होऊन ती राहिली नाही.

तर हेवा वाटला की त्याला दाबू नकोस. आणि तो धाकटीवर किंवा आईवर काढूही नकोस, कारण पूर त्यांनी आणला नव्हता. बाबांशी मात्र एकदा बोल. तक्रार म्हणून नव्हे. "बाबा, २०२१ मध्ये मलाही जायचं होतं, मी बोलले नाही" एवढंच सांग. मला खात्री आहे, त्यांना ते माहीत आहे. संध्याकाळी ते ओटीवर गप्प बसतात ना, त्या गप्प बसण्यात धाकटी एकटीच असेल असं मला वाटत नाही.

आणि ती गेल्यावर थोडं हलकंही वाटतं, त्याचं काय? वाटू दे. पंखा आपल्याला हवा तेवढा, दिवा आपल्याला हवा तेव्हा बंद, न्हाणीघराबाहेर भांडण नाही, ओढणी जिथे ठेवली तिथे सापडते. पहिल्यांदा आयुष्यात स्वतःची खोली मिळाली तुला. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही म्हणजे काही नाही. तिच्या गादीवर तुझी पुस्तकं पसरलीस तरी चालेल. ती आली की उचलशील.

आता जरा फोनकडे वळते, कारण इथे मला तुझं थोडं काळजीचं वाटतं. रोज रात्री नऊला तू तिला फोन करतेस. जेवलीस का, अभ्यास केलास का, खोलीतल्या मुली कशा आहेत, उद्या लेक्चर किती वाजता. ती हो-हो म्हणते आणि ठेवते, आणि मग तू तासभर उदास असतेस. अगं, हेच प्रश्न आई साडेसातला विचारून झालेली असते! दिवसातून दोनदा तीच हजेरी द्यायची म्हटल्यावर कुठलीही मुलगी हो-हो म्हणेल. तिला एक आई आहे आणि ती आपलं काम चोख करते. तुझ्याकडून तिला दुसरं काहीतरी हवंय, जे आईशी बोलता येत नाही.

काय ते सांगते. पहिल्या सेमिस्टरला एम-वनचा, म्हणजे गणिताचा पेपर भल्याभल्यांना जड जातो. बारावीला गणितात नव्वदच्या वर असलेल्या मुलांना तिथे के.टी. लागते, आणि त्यांना वाटतं की जग संपलं. शेजारच्या कॉटवरची मुलगी घरून लॅपटॉप घेऊन आलेली असते, इंग्रजी फाडफाड बोलते, आणि आपली चिपळूणची मुलगी प्रेझेंटेशनला उभी राहिली की तिचा घसा सुकतो. एखादा मुलगा आवडायला लागतो. पैसे विसाव्या तारखेलाच संपतात. मेसचा कंटाळा येऊन ती वडापाववर दोन दिवस काढते. हे सगळं ती आईला सांगणार नाही, आणि बाबांना तर नाहीच. तुला सांगेल, पण तुझ्या आवाजात आई ऐकू आली तर तुलाही नाही.

म्हणून रोजचा नऊचा फोन सोडून दे. फोन तिला करू दे. सुरुवातीला दोन दिवस करणार नाही, तू तोंड शिवून बस. मध्ये तिला तुझं काहीतरी पाठव: बाजारात काय झालं, तुझ्या पतसंस्थेत कोण काय म्हणालं, मांजरीने पिल्लं कुठे घातली. तू स्वतःचं काही सांगायला लागलीस की तीही सांगेल. आणि के.टी.चं सांगितलं तर लगेच उपाय सांगायला धावू नकोस. आधी ऐक. "मग आता काय करायचं म्हणतेस?" एवढंच विचार. तिच्याजवळ उत्तर असतं गं, ते फक्त तिला मोठ्याने म्हणून बघायचं असतं.

तिची गुपितं ठेव, एक सोडून. जिवाशी खेळ होईल असं काही कानावर आलं तर ते गुपित राहत नाही. रात्री दोन वाजता कळलं तरी आईबाबांना उठवायचं. रॅगिंगचं विशेषतः. आपल्या राज्यात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, आणि १८००-१८०-५५२२ हा देशभरासाठीचा मोफत क्रमांक आहे, तिथे चोवीस तास तक्रार घेतात. तो तुझ्याही फोनमध्ये ठेव. नुसतं फार एकटं वाटत असेल, झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, सरकारचाच, मराठीतून बोलता येतं. हा तिच्यासाठी सांगतेय तसा तुझ्यासाठीही. तुझी झोप दोन महिन्यांनंतरही मोडत राहिली तर फोन कर, लाजू नकोस.

तिचे मेसेज अजून तुझ्या फोनवर येतात, हेही तू मेसेजमध्ये ओझरतं बोललीस. फॉर्मवर नंबर तुझा, ईमेल तू काढलेला, पासवर्ड तुझ्या वहीत. महाडीबीटीचा ओटीपी तुझ्याकडे येतो आणि मग तू तो तिला कळवतेस. मला समजतं, तो ओटीपी आला की बरं वाटतं, अजून आपलं काहीतरी काम आहे म्हणून. तरीही ते सगळं तिच्या हातात दे. शिष्यवृत्तीचा आणि फी-माफीचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो. तो तिला स्वतःला भरता आला पाहिजे. बँकेचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना, उत्पन्नाचा दाखला कधीपर्यंत चालतो, हे तिने लक्षात ठेवायचं. एका रविवारी फोनवर बसून दोघींनी मिळून सगळे नंबर बदला. तुला त्या दिवशी वाईट वाटेल. रडू आलं तर तिच्यासमोर रड, तिलाही कळू दे की तिच्यामागे कुणीतरी इतकं होतं.

पैशाचंही स्पष्ट बोल. पगारातून तू तिला मधूनमधून पाठवतेस, आईला न सांगता. पाठव, तुझा आनंद आहे तो. पण दर महिन्याला किती, ते एकदा ठरव आणि तिला आकडा सांगून टाक. उरलेले तुझे. थोरल्या बहिणी न बोलता देत राहतात, आणि मग चाळिशीत एखाद्या लग्नघरात कुठल्यातरी क्षुल्लक गोष्टीवरून सगळं बाहेर येतं. मी आपल्याच नात्यात हे पाहिलंय. तू त्या वाटेला जाऊ नकोस.

आईचं मात्र जपून. धाकटी गेल्यापासून आई सगळं तुझ्याशी बोलते: काकूंचं, बाबांच्या साखरेचं, दुकानाच्या कर्जाचं. तू तिची मैत्रीण झालीस, छानच झालं. पण रोज रात्री उशिरापर्यंत ऐकत बसायचं तुझ्या अंगावर पडलंय, आणि तू थकतेस. आईला भजनी मंडळात परत जायला लाव. धाकटीच्या बारावीसाठी तिने ते बंद केलं होतं. त्या मंडळातल्या बायका तिच्या वयाच्या आहेत, त्यांचीही पोरं पुण्या-मुंबईला आहेत. त्या तिला जे समजून घेतील ते तुला या वयात जमणार नाही, आणि जमायला नकोही.

आणि लग्नाचा विषय तर येणारच होता. "आता थोरलीचं बघायला हवं." धाकटीच्या अभ्यासाआड तू इतकी वर्षं झाकली गेली होतीस, आता सगळ्या घराची नजर तुझ्याकडे वळली. लग्न करायचं तर कर, मनासारखं स्थळ आलं तर मीच पहिली नाचेन. पण घर रिकामं वाटतं म्हणून तुझं लग्न काढलं जात असेल, तर ते थांबव. त्यासाठी आदळआपट नको. तुला काय करायचंय ते दिवस-महिन्यानिशी सांगता आलं पाहिजे. "मला अजून वेळ द्या" म्हणालीस तर कुणी ऐकणार नाही. "मला बी.एड. करायचंय, दोन वर्षांचं आहे, सीईटी देतेय" म्हणालीस तर बाबा ऐकतील.

बी.एड.चं मी माझ्या मनाने काढलं नाही हं. संध्याकाळी शेजारची सातवी-आठवीची मुलं तुझ्याकडे शिकायला येतात, तेव्हा तुझा चेहरा मी पाहिलाय. पतसंस्थेच्या काउंटरवरचा तुझा चेहराही पाहिलाय. बी.एड.ची सीईटी त्याच सीईटी सेलकडून होते, ज्याचं संकेतस्थळ तुला तोंडपाठ आहे. दाखले कुठून काढायचे, कागद किती केबीत बसवायचा, राउंड कसे चालतात, हे या तालुक्यात तुझ्याइतकं कुणाला माहीत असेल असं मला वाटत नाही. पुढे टीईटी आहे, टेट आहे, भरती रेंगाळते, हे सगळं खरं. शिक्षक होणं सोपं नाही. तरी तुला ते आवडतं, आणि तू त्यात चांगली होशील. नकोच असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदव्युत्तर कर. किंवा आहे तिथेच राहा, आनंदाने राहा. चिपळुणात राहिलीस म्हणून मागे पडलीस असं मी कधीच म्हणणार नाही. फक्त ते तू ठरवलेलं असू दे. २०२१ मध्ये पाण्याने ठरवलं होतं.

हे लिहिताना मला आपल्या दादालोकांचीही आठवण झाली. त्यांचं तर आणखी अवघड. बहिणीला किंवा भावाला हॉस्टेलवर सोडतात, कॉट हलवून बघतात, प्लग चालू आहे का बघतात, बाहेर येऊन गाडी पुसतात आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. मग महिनाभर "पोचले का पैसे?" एवढाच मेसेज. तुझ्या पतसंस्थेतला तो मुलगा, ज्याचा धाकटा भाऊ लातूरला गेलाय म्हणालीस, त्याला एकदा चहाला बोलाव आणि भावाचं विचार. फार काही बोलणार नाही तो, पण विचार.

एकदा तिला भेटायला जा. एकटी. आईबाबांबरोबर गेलीस की तिथेही तू पिशव्याच सांभाळशील. २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, कुंभार्ली घाट चढून कराडवरून जाणारी गाडी सकाळी धर. तिथे गेल्यावर तिची खोली आवरायला घेऊ नकोस, कृपा करून. तिला तिचं पुणं तुला दाखवू दे. कुठे चहा चांगला मिळतो, मेट्रोचं तिकीट कसं काढायचं, लायब्ररीत कुठल्या खिडकीशी ती बसते. तू तिच्या मागून चाल. मुक्ताई चार भावंडांत सगळ्यात धाकटी, आणि ताटी लावून बसलेल्या ज्ञानदादाला समजावलं ते तिने. आपल्या मराठी घरांना धाकट्याकडून शिकायची सवय आजची नाही. पहिल्यांदा थोडं टोचेल तुला, पण तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघशील तेव्हा ते टोचणं विसरशील.

गणपतीला ती येईलच. तिला आत्ताच सांग, परतीचं आरक्षणही येतानाच करून ठेव, नाहीतर पाचव्या-सातव्या दिवसानंतर गाड्यांना उभं राहायला जागा नसते. आली की पहिला दिवस ती झोपेल. दुसऱ्या दिवशी तिच्या बोलण्यात चार नवी नावं असतील, जी तुला माहीत नसतील, आणि प्रत्येक वाक्यात "यार" असेल. आई तिला सारखी खायला घालेल, आणि तू नेहमीसारखी स्वयंपाकघरात असशील. तसं करू नकोस. मोदकांना तिला बसव. हॉस्टेलला गेली म्हणून ती पाहुणी झालेली नाही, आणि तू तिची सरबराई करायला मागे राहिलेली नाहीस. कळ्या तिच्या बिघडतील, त्या तशाच उकड.

गौरीजेवणाला मी येतेच आहे. माझ्या नणंदेची बी.एड. सीईटीची पुस्तकं कपाटात पडून आहेत, दोन वर्षांपूर्वीची असली तरी सरावाला चालतील, ती आणते. चाळून बघ. हवी असतील तर ठेवून घे, नको असतील तर जाताना मी परत नेईन, त्यावर काही विचारणार नाही.